बंपरचे अर्धे कापले ते बरोबर, रंगाचे कापले ते चूक

विम्याच्या क्लेममध्ये एवढं कमी का मंजूर झालं, असं तुम्ही विचारलंत. तुमची गाडी सव्वातीन वर्षांची, झिरो डेप (भागांच्या जुनेपणाची कपात टाळणारं जादा विमा कव्हर) नाही. मागून दुचाकी धडकली, एस्टिमेट १५,५०० चं आणि सर्व्हेयरने, म्हणजे विमा कंपनीच्या नुकसान तपासनिसाने, ७,७५० च मंजूर केले. ‘प्लॅस्टिकचं अर्धंच मिळतं’ हे गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं आहे, पण प्लॅस्टिकपुरतंच.

बंपर ६,००० आणि टेललॅम्प ३,५००, दोन्हींवर ५० टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात. ४,७५० गेले, तिथे वाद घालू नका. लेबर २,००० वर घसारा नाही. घोळ आहे तो रंगकामात. तिथला ५० टक्के घसारा फक्त मटेरियलवर असतो आणि मटेरियल-मजुरीचं बिल एकत्र असेल तर एकूण रकमेच्या २५ टक्केच मटेरियल धरतात. म्हणजे रंगाच्या ४,००० पैकी १,०००, त्याचे निम्मे ५००. तुमचे थेट २,००० कापलेत. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीची सक्तीची १,००० ची वजावट (दर क्लेमला आपण सोसायची रक्कम) धरूनही ९,२५० निघतात. हा हिशेब ईमेलने पाठवा आणि सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा.

पण त्याआधी क्लेम करायचाच का, ते बघा. आजवर एकही क्लेम नसेल तर तुमचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) आत्ता ३५ टक्के असेल, नूतनीकरणाला ४५ होईल, त्यापुढे ५०. क्लेम घेतलात की शून्य, मग पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशी चढण. ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) मूळ हप्ता ९,००० धरला तर पहिल्याच वर्षी ४,०५० जास्त, पुढे २,७००, २,२५०, १,३५०, ४५०. एकूण १०,८००. गाडी जुनी होते तसा हप्ता उतरतो, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी. तरी ९,२५० साठी मी तरी क्लेम करणार नाही. दोन वर्षांत गाडी विकणार असाल आणि बोनस दुसऱ्या गाडीवर न्यायचा नसेल, तर मात्र जरूर करा.

क्लेम करायचा ठरलं तर बंपर उघडल्यावर आतला मेटलचा बार वाकलेला निघतो का, ते स्वतः उभं राहून बघा. निघाला तर फोटो काढा, पूरक एस्टिमेट द्या आणि सर्व्हेयरने पाहिल्याशिवाय नवा बार बसवू देऊ नका. बसवल्यावर तो खर्च नाकारतात. या वयाला मेटलवर २५ टक्के घसारा. जुना बंपर आणि लॅम्प अंतिम तपासणी होईपर्यंत गॅरेजमध्येच ठेवायला सांगा.

‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या कागदावर रंगाची रक्कम दुरुस्त होईपर्यंत सही नको. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही.