रिकाम्या खुर्चीबद्दल

प्रिय बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझा फोन ठेवल्यापासून एकच प्रश्न डोक्यात घोळतोय. "मी साथरोग शिकायला अमेरिकेला निघालेय. कोणत्या खुर्चीवर कोण बसतो याच्याशी मला काय करायचंय?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

२०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोला थैमान घालत होता. ३० सप्टेंबरला अमेरिकेत, डॅलसमध्ये, पहिल्या रुग्णाचं निदान झालं. ८ ऑक्टोबरला तो गेला, आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्या दोन नर्सना लागण झाली. अशा वेळी देशाशी बोलायचं काम सर्जन जनरलचं, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य डॉक्टरचं. तिथल्या सिगारेटच्या पाकिटावरचा इशाराही त्याच्याच नावाने असतो. पण वर्षभरापेक्षा जास्त काळ ते पद हंगामी माणसाकडे होतं. ओबामांनी डॉ. विवेक मूर्तींचं नाव नोव्हेंबर २०१३ मध्येच दिलेलं. पण त्याला सिनेटची मंजुरी लागते, आणि ती अडली एका ओळीवर. बंदुका हा आरोग्याचा प्रश्न आहे, असं मूर्तींनी २०१२ मध्ये ट्विटरवर लिहिलं होतं. बंदूकवाल्यांची एनआरए ही संघटना विरोधात उतरली, रिपब्लिकन तिच्या बाजूने होतेच, आणि निवडणूक तोंडावर आलेली पाहून काही डेमोक्रॅट सिनेटरांनीही कच खाल्ली.

ऑक्टोबरमध्ये ओबामांनी इबोलाच्या समन्वयासाठी रॉन क्लेन या वकिलाला नेमलं. डॉक्टर का नाही, अशी ओरड झाली, आणि ती त्याच पक्षातून झाली ज्याने डॉक्टरची नेमणूक अडवून धरली होती. मला क्लेनची निवड चुकीची वाटत नाही. दहा खात्यांना एका टेबलाशी बसवायला कारभारात मुरलेला माणूसच लागतो. पण घाबरलेल्या आईला साधा ताप आणि इबोला यांतला फरक सांगायला डॉक्टर हवा. सीडीसी या तिथल्या रोगनियंत्रण संस्थेचे प्रमुख टॉम फ्रीडन (आपल्या क्षयरोग कार्यक्रमात काम केलेले) रोज बोलत होते, आणि सगळी टीकाही एकटेच अंगावर घेत होते. मूर्तींना मंजुरी मिळाली १५ डिसेंबरला, ५१ विरुद्ध ४३ मतांनी. तोवर तिथली घबराट ओसरली होती.

खुर्ची रिकामी राहिली तर बिघडतं काय, ते मी स्वतः पाहिलंय. पावसाळा होता, गावात गॅस्ट्रोची साथ. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याची जागा महिनोन्महिने भरली नव्हती, कारण दोन गटांना तिथे आपापला माणूस हवा होता. अतिरिक्त कार्यभार ज्यांच्याकडे होता, ते डॉक्टर तीन ठिकाणी धावत होते. टीसीएलची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या क्लोरीन पावडरची, पोती गोदामात सहीसाठी दोन दिवस पडून राहिली. आशाताई घरोघरी ओआरएसची पाकिटं वाटत होत्या आणि लोक त्याच विहिरीचं पाणी त्यात कालवत होते. मी ओटी टेस्ट केली, पाण्यात क्लोरीन आहे का ते पाहायची. नळीतलं पाणी पिवळं व्हायला हवं होतं. ते तसंच राहिलं, स्वच्छ, पारदर्शक. ती नळी अजून डोळ्यांसमोर येते.

म्हणून तुला सांगते, जिथे काम करशील तिथली कोणती जागा कोण भरतं आणि ती किती दिवस रिकामी आहे, हे माहीत करून घे. रिकामी असेल तर साथ नसतानाच ती भरण्याच्या मागे लाग. साथीत कुणाला ऐकायला वेळ नसतो.

आणि मूर्तींनी ती ओळ लिहायला नको होती का? मला तसं मुळीच वाटत नाही. सुनावणीत मात्र, बंदूक नियंत्रणासाठी हे पद वापरणार नाही, असं त्यांना सांगावं लागलं. ते वाचताना आजही वाईट वाटतं. २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने त्यांना काढलं, २०२१ मध्ये ते परत आले. जून २०२४ मध्ये, त्याच खुर्चीवरून, बंदुकांचा हिंसाचार हे सार्वजनिक आरोग्याचं संकट आहे, असं पत्रक त्यांनी काढलं.

तिकडे पोचलीस, घर लागलं, की आधी ते पत्रक वाच. मग फोन कर, रात्री उशिरा केलास तरी चालेल.

तुझी,
डॉक्टरमावशी