शहाणा मेनू आणि वैतागलेलं काउंटर

प्रश्न: मी औषधांच्या दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितो. नव्या आवृत्तीत मेनू ‘शहाणा’ केला. जास्त वापरलेलं आपोआप वर येतं, महिनाभर न वापरलेलं आत दडतं. डेमोत मालकांना फार आवडलं. आता रोज फोन येतात, “जुनंच द्या.” लोकांना बदलच नको असतो का?
– एक वाचक, मिरज

उत्तर: मालकांना आवडलं, पण बिल मालक फाडत नाहीत. संध्याकाळी गर्दीच्या वेळी काउंटरमागे तासभर उभे राहा. नजर डॉक्टरांच्या अक्षरावर, एक हात गोळ्यांच्या पट्टीवर, दुसरा कीबोर्डवर: ऑल्ट, खालचा बाण तीनदा, एंटर. मेनू कोणी वाचतच नाही, तो बोटांना पाठ असतो. तुम्ही रातोरात ‘विक्री परत’ एक ओळ वर नेलीत, की सकाळी त्याच बोटांनी भलतीच खिडकी उघडणार.

दडवणं तर त्याहून वाईट. शेड्यूल एच१ चं रजिस्टर, म्हणजे काही ठरावीक औषधांच्या विक्रीची कायद्याने ठेवावी लागणारी नोंद, रोज कोण उघडतं? म्हणून तुमचा प्रोग्रॅम ते आत ढकलणार, आणि औषध निरीक्षक दारात आले की नेमकं तेच हवं असणार.

मायक्रोसॉफ्टनेही हे करून पाहिलंय. ऑफिस २००० मधले मेनू असेच आखूड होते. बाकीच्या आज्ञांसाठी तळच्या दुहेरी बाणावर क्लिक करायचं. आमच्याकडे ते बंद कसं करायचं, हेच सगळे आधी शिकले! २००७ च्या आवृत्तीत वर्ड-एक्सेलमधून ते मेनूच गेले आणि रिबन, म्हणजे वरची बटणांची रुंद पट्टी, आली. कॅनडातल्या लिया फिंडलेटर आणि जोआना मॅकग्रेनर यांनी २००४ मध्ये तीन तऱ्हांचे मेनू लोकांना वापरायला देऊन पाहिले: स्थिर, आपोआप बदलणारा आणि ज्याचा त्याने लावून घ्यायचा. आपोआप बदलणारा स्थिर मेनूपेक्षा संथ ठरला. बहुतेकांनी पसंती दिली ती स्वतः लावून घ्यायच्या मेनूला.

तेव्हा जुना मेनू एकही ओळ न हलवता परत द्या. नेहमीच्या कामांची वेगळी पट्टी करा, पण ती बाजूला. मेनूत वर घातलीत तर बाणांचा हिशेब पुन्हा चुकेल. पट्टीत काय राहील ते दुकानातल्या माणसांना ठरवू द्या. तुमच्या प्रोग्रॅमने फार तर सुचवावं.

आणि एक, तुम्ही विचारलं नसलं तरी. औषधांच्या नावांची यादी खपानुसार वरखाली करत असाल तर ते आजच बंद करा. तीन अक्षरं टाइप करून एंटर मारणाऱ्याच्या हाती तिथे दुसरंच औषध येईल.

प्रश्न: वडिलांचे हात थरथरतात. ते ओळखून स्वतःच जुळवून घेईल असा फोन मिळतो का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: त्या भरवशावर नवा फोन घेऊ नका. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, तिथे टच आणि त्यात टच अकोमोडेशन्स उघडा. बोट किती वेळ टेकलं म्हणजे स्पर्श धरायचा, हे तिथे ठरवता येतं. लागोपाठ चुकून झालेले स्पर्शही सोडून देता येतात. अँड्रॉइडवर निदान डिस्प्ले साइझ वाढवा, बटणं मोठी होतात. मात्र वडिलांना शेजारी बसवून, त्यांच्याच बोटाने तपासत हे आकडे लावा. थरथर दिवसभर सारखी नसते, त्यामुळे ती जास्त असेल तेव्हा बसा.