जुन्या पिकअपमध्ये इंजिन चालू असताना गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकताना खरखर होते. गिअरबॉक्स उघडावा का?

लगेच उघडू नका. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. सहज पडत असतील तर दोष बहुधा क्लचचा आहे, तो पूर्ण सुटत नाही. खात्रीसाठी इंजिन आयडलवर ठेवा, क्लच पूर्ण दाबून दहा सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही खरखरला तर क्लच ओढतोय, म्हणजे पेडल दाबूनही इंजिनाची फिरकी गिअरबॉक्सकडे जातेय.

हायड्रॉलिक (केबलऐवजी द्रवाच्या दाबावर चालणारा) क्लच असेल तर पेडल ३-४ वेळा पंप करा. तेवढ्यात गिअर पडला, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर (पेडलकडच्या) वा स्लेव्ह (गिअरबॉक्सकडच्या) सिलिंडरचं रबर गेलंय. स्लेव्हचं बूट (रबरी टोपण) उचलून बघा, आत ओलं असेल तर चोर सापडला. केबलवाल्या गाडीत आधी पेडलचं फ्री प्ले (दाबताना सुरुवातीची सैल हालचाल) तपासा.

फक्त चालत्या गाडीत दुसरा किंवा तिसराच खरखरतो? डबल क्लच केल्यावर (क्लच दाबून न्यूट्रल, सोडून पुन्हा दाबून गिअर) गुपचूप पडला तर सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी) झिजलीय, तेव्हा मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. न्यूट्रलमध्ये येणारा आवाज क्लच दाबल्यावर थांबला तर इनपुट शाफ्टचं (इंजिनाकडून गिअरबॉक्समध्ये येणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग, दाबल्यावरच आला तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं).

गिअर ऑइल मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं भरा. जीएल-४ च्या जागी सरसकट जीएल-५ (हे गिअर ऑइलचे दर्जे) नको, काहींतलं ॲडिटिव्ह पितळी सिंक्रो खातं.