थंडीत सकाळी कार्बोरेटरवाली मारुती ८०० चालूच होत नाही, काय बघू?

दापोलीला जानेवारीत पहाटे गाडी नुसती घरघरते आणि उन्हं चढली की एका चावीत सुरू होते, असं तुम्ही म्हणताय. मग आधी चोक बघा. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून चोक हवा अडवून कार्बोरेटरमधलं पेट्रोल-हवेचं मिश्रण दाट करतो. एअर फिल्टर काढा आणि कुणाला तरी चोक ओढायला सांगा. कार्बोरेटरच्या तोंडावरची पाकळी पूर्ण मिटली पाहिजे. बहुतेकदा केबल गंजून अर्ध्यावर अडकलेली असते. आपली खारी हवा, दुसरं काय!

चोक ओढून वर ॲक्सिलरेटर पंप करत बसू नका. पेट्रोलचा भपकारा आला तर इंजिन ओव्हरफ्लो झालंय, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय. चोक आत ढकला, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि मग स्टार्टर मारा.

गाडी रात्रभर उघड्यावर असेल तर मला दवाचाच संशय जास्त. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना वीज वाटणारा भाग, ओलसर झाला की ठिणगी नीट पडत नाही. त्याची कॅप काढून आतून कोरड्या फडक्याने पुसा. आत केसासारखी काळी रेघ दिसली तर कॅप बदलाच. अंधारात बॉनेट उघडं ठेवून स्टार्टर मारल्यावर प्लगच्या वायरींवर निळसर ठिणग्या नाचल्या, तर वायरीही गेल्या. पेट्रोलचा वास येत असताना मात्र हा प्रयोग नको.

स्टार्टरच मंद फिरत असेल तर बॅटरी चार्ज करा, टर्मिनलवरची पांढरी बुरशी साफ करा. स्टार्टिंग स्प्रे वगैरे इथे लागत नाही, ते हिमाचलवाल्यांना राहू दे.