बंद पेट्रोल पंपाशेजारच्या विहिरीला पेट्रोलचा वास येतोय, तपास कसा करायचा?

विहीर कोल्हापुरातली आणि शेजारी पूर्वी पेट्रोलची जमिनीखालची टाकी, असं तुम्ही लिहिलंय. तर आधी हे पाणी पिणं, स्वयंपाक, आंघोळ, सगळं थांबवा. उकळू तर नकाच, पेट्रोलमधलं बेंझिन हे विषारी रसायन वाफेबरोबर घरात पसरतं. विहिरीत कुणाला उतरवू नका. आत वाफ साचलेली असली तर माणूस गुदमरतो आणि एका ठिणगीने भडका उडतो.

उपसा करण्याआधी दोरीला तळाशी झडप असलेली पारदर्शक नळी (बेलर) बांधून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत हळूच सोडा. पेट्रोल तरंगतं, त्यामुळे थर असेल तर नळीत वेगळा दिसतो. दिसला नाही म्हणून पाणी चांगलं समजू नका, विरघळलेलं बेंझिन डोळ्यांना दिसत नाही.

नमुन्यासाठी प्रयोगशाळेकडूनच ४० मिलीच्या काचेच्या बाटल्या मागवा. काठोकाठ भरा, झाकण लावून उलटी करा, टिचकी मारा. बुडबुडा राहिला तर बेंझिन त्यात उडून जातं आणि अहवाल खोटाच चांगला येतो. प्लास्टिकची बाटली नको. नमुना बर्फात न्या. बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन, झायलीन अशी नावं घेऊन तपासणी मागा, नेहमीच्या पाणी तपासणीत ती नसतात. बेंझिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे.

जमिनीखालच्या पाण्याच्या प्रवाहाची दिशा कळायला किमान तीन विहिरींची किंवा बोअरची पाणीपातळी लागते. पण आपल्याकडे खाली काळा पाषाण, पाणी भेगांतून वाहतं. जवळची विहीर स्वच्छ आणि लांबची खराब, असंही निघतं. म्हणून आजूबाजूच्या सगळ्याच तपासा, आणि अहवालासह प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या.