क्लॅरेन्स व्हाइट : साथीच्या गिटारपासून सुरू होणारी गोष्ट

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. संगीताच्या घरात जन्मल्यामुळे क्लॅरेन्स व्हाइटला सगळं आयतं मिळालं का, आणि इतका चांगला ब्लूग्रास (बँजो, फिडल, मँडोलिन, गिटारवरचं अमेरिकन लोकसंगीत) वाजवणारा माणूस इलेक्ट्रिक गिटार घेऊन ‘द बर्ड्‌स’सारख्या रॉक बँडमध्ये का गेला? मी बरीच वर्षं फ्लॅटपिकिंग (चपट्या पिकने गिटारच्या तारा छेडण्याची शैली) वाजवतोय आणि माझ्यासाठी हाच सगळ्यात मोठा गिटारवादक आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जन्म 1944 चा, अमेरिकेच्या मेन राज्यातल्या लुइस्टनचा. घराणं फ्रेंच-कॅनेडियन, मूळ आडनाव लब्लां. वडील गिटार, फिडल (व्हायोलिन), बँजो असं बरंच काही वाजवायचे. थोरला भाऊ रोलंड मँडोलिनवर, एरिक बासवर, बहीण जोअ‍ॅन गायची. क्लॅरेन्स इतका लहान होता की गिटार कवेत मावेना, म्हणून सुरुवातीला हातात युकलेली, म्हणजे चार तारांचं छोटं वाद्य, दिलं. 1954 मध्ये कुटुंब कॅलिफोर्नियात बरबँकला आलं आणि भावंडांचा बँड रेडिओ-टीव्हीवर वाजवू लागला. पुढे तोच ‘केंटकी कर्नल्स’ झाला.

घरातून त्याला काय मिळालं, तर साथ करण्याची शिस्त. ब्लूग्रासमध्ये तेव्हा गिटारचं काम ठरलेलं होतं: खालच्या तारेवर बास, वर कॉर्डचा ठेका, आणि गाणाऱ्याला आधार. बँजो, फिडल आणि मँडोलिनच्या गलक्यात गिटारचा सोलो ऐकूच येत नसे. क्लॅरेन्सने लहानपणापासून रोलंडच्या मँडोलिनमागे हेच केलं. त्यामुळे लय त्याच्या हातात इतकी पक्की बसली की पुढे तिच्याशी खेळायची त्याला भीती उरली नाही.

मग 1961 मध्ये रोलंडला लष्कराची सक्तीची नोकरी लागली. मुख्य धून वाजवणारा मोठा भाऊच नसल्यामुळे बँडमध्ये जागा मोकळी झाली. त्याच सुमारास लॉस एंजेलिसच्या ‘अ‍ॅश ग्रोव्ह’ क्लबमध्ये क्लॅरेन्सने फ्लॅटपिकिंग वाजवणाऱ्या गिटारवादक डॉक वॉटसनला ऐकलं. फिडलच्या धुना गिटारवर जशाच्या तशा, स्वच्छ वाजवता येतात हे त्याला प्रत्यक्ष समोर दिसलं. रोलंड 1963 मध्ये परतला तेव्हा धाकटा भाऊ लीड, म्हणजे मुख्य धून आणि सोलो, वाजवत होता. मला ही दोन वर्षं त्याच्या सगळ्या आयुष्यात सर्वांत महत्त्वाची वाटतात. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: कुटुंबाने पाया दिला, पण त्याचा स्वतःचा आवाज कुटुंबातला एक माणूस दूर गेल्यावर फुटला.

डॉक वॉटसन आणि क्लॅरेन्स यांच्यातला फरक कानाने ओळखायचा असेल तर 1964 चा केंटकी कर्नल्सचा ‘अ‍ॅपालाचियन स्विंग’ हा वाद्यसंगीताचा अल्बम लावा. डॉकचे सूर सरळ धारेसारखे मात्रेवर पडतात. क्लॅरेन्स मात्रा मोकळी सोडतो, वाक्य अर्ध्यात तोडतो, आणि ऐकणाऱ्याला तो चुकला असं वाटेपर्यंत थांबून मग बरोबर समेवर येतो. पायाने ठेका धरून ऐका. पहिल्यांदा तुमचाच पाय अडखळेल.

आता इलेक्ट्रिककडे. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत ब्लूग्रासवर पोट भरणं कठीण झालं होतं, केंटकी कर्नल्सही फुटला. क्लॅरेन्स टेलिकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार घेऊन स्टुडिओत कंट्री वाजवू लागला. बर्ड्‌सच्या 1967 च्या अल्बमवरही तो पाहुणा म्हणून आहे, आणि 1968 मध्ये तो बँडचा सदस्य झाला. त्याने ब्लूग्रासशी दगा केला असं म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. इथेही त्याचं डोकं त्याच दिशेने, गिटारकडून नवं काही काढण्याच्या, चालत होतं. पेडल स्टीलसारखा (पायातल्या पेडलने तारेचा सूर सरकवणारी आडवी गिटार) सूर वर सरकवायचा, पण डावी बोटं तर कॉर्डमध्ये अडकलेली. म्हणून त्याने ड्रमर जीन पार्सन्सला तार ओढायला सांगितली. पार्सन्स यंत्रकामात तरबेज. त्याने गिटारच्या पोटात तरफ बसवली आणि ती खांद्यावरच्या पट्ट्याला जोडली. गिटारची मान खाली दाबली की ‘बी’ची तार पूर्ण एक स्वर चढते. हाच तो ‘बी-बेंडर’, आणि आज कंट्री गिटारमध्ये तो बऱ्याचदा ऐकू येतो. ती टेलिकास्टर सध्या कंट्री गायक-वादक मार्टी स्टुअर्टकडे आहे.

1973 मध्ये बर्ड्‌स सुटल्यावर तो पुन्हा भावांबरोबर वाजवू लागला. ‘म्यूलस्किनर’ हा बँडही त्याच वर्षीचा: पीटर रोवन, बिल कीथ, रिचर्ड ग्रीन आणि डेव्हिड ग्रिसमन यांच्यासोबत. जुलैत पामडेलला एका कार्यक्रमानंतर सामान गाडीत भरत असताना दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने त्याला उडवलं. वय 29. याचा विचार मनात आला की मला आजही चीड येते.

त्याची 1935 ची मार्टिन डी-28 ही साधी (अकॉस्टिक) गिटार, ध्वनिछिद्र मोठं केलेली, 1975 मध्ये पुढे नावाजलेल्या ब्लूग्रास गिटारवादक टोनी राइसने विकत घेतली. टोनीही कॅलिफोर्नियात वाढलेला, वडील आणि भाऊ ब्लूग्रास वाजवणारे, आणि लहानपणीच त्याने क्लॅरेन्सला प्रत्यक्ष ऐकलेलं.

तुम्ही स्वतः वाजवता, म्हणून एक सुचवतो. त्याचे सोलो उतरवायला लगेच बसू नका. आधी त्याच रेकॉर्डवर, इतरांच्या सोलोमागे तो काय साथ करतो तेवढंच ऐका आणि तेच वाजवा. बास कुठे टाकतो, कॉर्ड कुठे गाळतो हे हातात आलं की सोलोतल्या त्या मोकळ्या जागा कळायला लागतात. वेग मात्र सुरुवातीला निम्मा ठेवा.