पेटंटमध्ये जायचं तर केमिस्ट्री सोडू नका

तुमची मुलगी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. करतेय, तिला पेटंटच्या कामात जायचंय आणि घरचे म्हणताहेत की हे सोडून सरळ एलएलबीला जा. कृपा करून तसं करू नका. या क्षेत्रात बरीच वर्षं काढली आहेत म्हणून ठामपणे सांगतो, तिची केमिस्ट्री हीच तिची पुंजी आहे.

ट्रेडमार्क किंवा कॉपीराइटच्या कामाला विज्ञान लागत नाही. पेटंट एजंट, म्हणजे शोधकाच्या वतीने पेटंटचा अर्ज लिहून चालवणारा, व्हायला मात्र पेटंट कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे विज्ञान, इंजिनिअरिंग किंवा तंत्रज्ञानाची पदवी हवी, वय २१ पूर्ण हवं आणि पेटंट ऑफिसची परीक्षा पास व्हावी लागते. त्यासाठी एलएलबीची अट नाही. दोन लेखी पेपर आणि तोंडी. प्रत्येक लेखी पेपरात ५० टक्के आणि एकूण ६० टक्के हवेत. परीक्षा दरवर्षी ठरल्या वेळी होतेच असं नाही, म्हणून जाहीर झाली की सोडू नये. पहिला पेपर कायद्याचा, तो अभ्यासाने निघतो. खरा कस दुसऱ्यात लागतो, कारण तिथे ड्राफ्टिंग, म्हणजे पेटंटच्या अर्जाचा मसुदा लिहिणं असतं. क्लेम, म्हणजे शोधाच्या कोणत्या भागावर हक्क हवा ते सांगणारं वाक्य, फार रुंद लिहिला तर जुना एखादा शोधनिबंध त्याला आडवा येतो. फार अरुंद लिहिला तर प्रतिस्पर्धी एक घटक बदलून निसटतो. ही रेघ नेमकी कुठे ओढायची, हे रसायन कळल्याशिवाय ठरवता येत नाही.

बेडाक्विलिनचंच बघा. टीबीच्या या औषधाच्या फ्युमरेट क्षारावर जॉन्सन अँड जॉन्सनला पेटंट हवं होतं. मिळालं असतं तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. टीबीतून बऱ्या झालेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी विरोध नोंदवला, आणि मार्च २०२३ मध्ये मुंबई पेटंट ऑफिसने अर्ज फेटाळला. ज्ञात औषधाचा नवा क्षार करण्यात शोध किती आणि नेहमीचं प्रयोगशाळेतलं काम किती, यावर वाद होता. ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाला परिणामकारकता वाढल्याशिवाय पेटंट नाकारणारं कलम ३(ड) नुसतं पाठ असून तिथे भागत नाही. असं काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

एलएलबी नकोच असं नाही. उल्लंघनाचे दावे कोर्टात चालतात आणि तिथे उभं राहायला सनद लागते. २०२१ मध्ये आयपीएबी हे अपील मंडळ बंद झाल्यापासून पेटंट ऑफिसच्या निर्णयांवरची अपिलं थेट हायकोर्टात जातात, त्यामुळे दोन्ही पदव्या असलेल्यांना मागणी आहे. माझ्या मते क्रम असा असावा: एम.एस्सी., एजंटची परीक्षा, एखाद्या फर्ममध्ये ड्राफ्टिंग, मग तीन वर्षांचं एलएलबी. मात्र पूर्णवेळ पगारी नोकरीत राहून वकिली करता येत नाही, हा बार कौन्सिलचा नियम आधीच लक्षात ठेवा.

आत्ता तिला एवढंच करायला सांगा. पेटंट ऑफिसच्या साइटवर सर्च फुकट आहे. तिच्या प्रोजेक्टच्या विषयातला एक अर्ज शोधून त्याचं स्पेसिफिकेशन (शोधाचं सविस्तर वर्णन), परीक्षकाचा पहिला रिपोर्ट आणि त्याला दिलेलं उत्तर, हे तिन्ही सलग वाचू दे. परीक्षकाचा आक्षेप वाचून तिला स्वतःहून उत्तर सुचायला लागलं, तर घरच्यांशी बोलायला मलाही बोलवा.